नाशिकच्या रस्त्यावर फोटो काढताना: लेन्स, अंतर आणि चौकट

गंगेवर म्हणजे इथल्या गोदाघाटावर, मेन रोडवर किंवा बुधवारच्या बाजारात डोळ्यांना जे दिसलं ते भन्नाट असतं, आणि घरी येऊन पाहावं तर फोटोत त्यातलं काहीच उतरलेलं नसतं. मधोमध एक छोटासा माणूस, त्याच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, मागे मोबाइलच्या दुकानाची पाटी, कोपऱ्यात अर्धी स्कूटर. रस्त्यावर फोटो काढू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. मग कॅमेऱ्याला दोष दिला जातो आणि महागड्या लेन्सची चौकशी सुरू होते. माझ्या मते यातले निम्म्याहून जास्त फोटो उभं राहण्याच्या जागेमुळे बिघडतात. कुठे उभं राहायचं हे लेन्सवर ठरतं, म्हणून लेन्सपासूनच सुरुवात करू.

पायरी १: एकच फोकल लेंथ धरा

झूम लेन्स हातात असली की पाय जागेवर राहतात आणि बोटं रिंग फिरवतात. माणूस चौकटीत मोठा होतो खरा, पण तो आणि त्याच्या मागच्या वस्तू यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. हे प्रमाण, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, बदलतं ते तुमच्या आणि त्याच्या अंतरामुळे. लेन्स फक्त त्यातला किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. पंधरा फुटांवरून झूम करून काढलेला फोटो आणि सहा फुटांवर जाऊन काढलेला फोटो शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्यात रस्ता तुमच्या भोवती असतो, पहिल्यात तो समोर असतो.

म्हणून निदान महिनाभर एकच फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा; तो जितका लहान तितकं रुंद दृश्य मावतं) वापरा. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने २८, ३५ आणि ५० मिमी हे रस्त्यावरचे नेहमीचे आकडे. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर लेन्सवरचा आकडा १.५ ने गुणायचा, कॅनन असेल तर १.६ ने. म्हणजे १८ मिमीची लेन्स जवळपास २८ सारखी, २४ मिमीची ३५ च्या किंचित पुढे, आणि ३५ मिमीची ५० च्या किंचित पुढे. तुमच्याकडे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स असली तर काहीच विकत घ्यायला नको: रिंग २४ वर आणा आणि वर चिकटपट्टी लावा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीचा असतो, त्यामुळे तिथे अजून एक पाऊल पुढे जाण्याची तयारी ठेवायची.

आता हे आकडे फुटांत उतरवू, कारण रस्त्यावर मिलिमीटरचा उपयोग नसतो. कॅमेरा आडवा धरून उभा माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत, वरखाली थोडी मोकळी जागा ठेवून घ्यायचा, तर २८ मिमीला साधारण ८ फूट लांब उभं राहावं लागतं, ३५ ला १० फूट आणि ५० ला १४ फूट. ३५ मिमीचा आणखी एक सोपा हिशेब आहे: जितक्या अंतरावर तुम्ही, जवळजवळ तितक्याच रुंदीचा रस्ता चौकटीत. दहा फुटांवर दहा फूट, वीस फुटांवर वीस फूट. हे एकदा डोक्यात बसलं की कॅमेरा डोळ्याला न लावताही काय मावेल आणि काय नाही ते कळू लागतं.

यावरूनच कुठे कोणती लेन्स न्यायची ते ठरतं. भांडी बाजार आणि सराफ बाजाराच्या भागात ५० मिमी लावून चौदा फूट मागे सरकायला जागाच नसते, आणि सरकलात तर मधल्या जागेतून एक हातगाडी आणि दोन दुचाक्या निघून जातात. तिथे २८ किंवा ३५ लागते. घाट मोकळा आहे, तिथे ५० छान चालते. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचं बहुतांश काम ५० मिमीवर केलं, त्यामुळे ती लेन्स कमी प्रतीची म्हणण्याचं काही कारण नाही. पण नाशिकच्या जुन्या भागात एकच लेन्स न्यायची म्हटली तर मी ३५ सांगेन.

७०-२०० सारख्या लांब लेन्सचा मोह आवरा. गाडगे महाराज पुलावरून खालचा घाट, छत्र्या आणि गर्दीची नक्षी टिपायला ती उपयोगी आहे. माणसांचे चेहरे लांबून गुपचूप टिपायला वापरलीत तर फोटोत ते लपणं दिसतं.

पायरी २: घरातून निघतानाच सेटिंग लावून टाका

रस्त्यावर उभं राहून मेनू चाळत बसलात की समोरचं सगळं निघून जातं. दिवसा उजेडी माझी मांडणी अशी: ॲपर्चर (लेन्समधलं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान) एफ ८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. स्वच्छ उन्हात या मांडणीला आयएसओ साधारण १२५ लागतो. वाड्याच्या सावलीत शिरलात की तो हजार-दोन हजारांवर जातो, आणि आजच्या कॅमेऱ्यांत तेवढ्याने काही बिघडत नाही. थोडा दाणेदारपणा चालेल, हललेला चेहरा चालणार नाही. चालणाऱ्या माणसाला १/२५० पुरतो. हात उडवत बोलणाऱ्या भाजीवाल्या मावशींना १/५०० लागतो.

एफ ८ का, तर झोन फोकसिंगसाठी. गर्दीत ऑटोफोकसला भलताच चेहरा सापडतो. त्यापेक्षा फोकस आधीच ठरावीक अंतरावर बांधून ठेवायचा आणि माणूस त्या पट्ट्यात आला की बटण दाबायचं. पट्टा किती खोल मिळतो तो हिशेब असा:

फुल फ्रेम, ३५ मिमी, एफ ८, फोकस ८ फुटांवर: साधारण साडेपाच ते सोळा फुटांपर्यंत सगळं नीट.
एपीएस-सी, २४ मिमी, एफ ८, फोकस ८ फुटांवर: साधारण ५ ते २६ फूट.
एपीएस-सी, १८ मिमी, एफ ८, फोकस साडेसहा फुटांवर: सव्वातीन फुटांपासून पार क्षितिजापर्यंत.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. साध्या किट लेन्सच्या १८ मिमीच्या टोकाला फोकसची काळजीच उरत नाही. किट लेन्सवर अंतराची खूण नसते, म्हणून आठ फुटांवरच्या एखाद्या खांबावर ऑटोफोकस करून घ्या आणि मग लेन्सवरचा खटका, किंवा मेनूतला पर्याय, मॅन्युअलवर करा. काही मिररलेस कॅमेरे बंद होऊन परत चालू झाले की हे अंतर विसरतात, तेव्हा कॅमेरा झोपेतून उठला की एकदा तपासायचं.

आठ फूट म्हणजे किती हे डोळ्यांना शिकवायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. चहाच्या टपरीवर उभं राहून समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते मनात सांगायचं आणि पावलांनी मोजून पाहायचं. कॅमेरा लागतच नाही.

मोबाइलवाल्यांना झोन फोकस लागत नाही. त्याचा सेन्सर इतका लहान असतो की खोली आपोआप मिळते. त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर (फोटो किती उजळ येणार ते) लॉक करावं, आणि एक्सपोजर थोडं खाली ओढावं. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा. रस्त्यावरच्या फोटोत मागचा रस्ता पुसून टाकायचा असेल तर रस्त्यावर यायचं कशाला?

पायरी ३: आधी पार्श्वभूमी, मग माणूस

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. नवखा माणूस आधी चेहरा शोधतो, त्याच्यामागे धावतो, आणि मागे जे असेल ते पदरात पाडून घेतो. क्रम उलटा करा. आधी जागा शोधा: उतरत्या उन्हातली जुनी भिंत, पितळी भांड्यांनी भरलेलं दुकान, कोरीव लाकडी खांबांचा ओटा. तिथे तुमच्या लेन्सच्या अंतरावर उभे राहा, चौकट रिकामीच लावा, आणि माणसं येऊ द्या.

भांडी बाजाराचं उदाहरण घेऊ. दुकानाबाहेर तांब्या-पितळेच्या हंड्यांची चळत आहे. दहा फुटांवर उभे राहून आधी चारही कडा बघा. डावीकडे पांढरी प्लॅस्टिकची पिशवी लटकते आहे का? एक पाऊल उजवीकडे सरका. वर ट्यूबलाइट येते आहे? गुडघा किंचित वाकवा, हंडेच तिला झाकतील. आता माणूस कुठून येणार आणि कुठे पोचल्यावर बटण दाबायचं ते ठरवा. हंड्यांच्या दोन चळतींमध्ये जी काळोखी फट आहे तिथे चेहरा आला तर उठून दिसेल. चमकणाऱ्या हंड्यावर आला तर हरवेल. त्या फटीवर नजर ठेवायची आणि थांबायचं. दहा मिनिटांत पंधरा-वीस माणसं जातील, त्यांतल्या एखाद्याची मान वळेल, हात उठेल, कुणी दुकानदाराशी हुज्जत घालेल. एक चांगली चौकट मिळाली तर त्या जागेनं पुष्कळ दिलं असं समजा.

थांबण्याचा एक फायदा असाही की तुम्ही त्या जागेचा भाग होता. पहिली दोन मिनिटं सगळे तुमच्याकडे बघतात, पाचव्या मिनिटाला कुणी बघत नाही.

कडा तपासायच्या म्हणजे नेमकं काय, तर तीन प्रश्न. डोक्यातून काही उगवतंय का: खांब, पाइप, पाटीचा कोपरा? कडेवर काही अर्धवट कापलंय का: हात, चाक, गाईचं तोंड? आणि चौकटीत सगळ्यात उजळ काय आहे? डोळा उजेडाकडे आधी जातो, त्यामुळे मागची पांढरी गाडी माणसापेक्षा उजळ असेल तर फोटो त्या गाडीचा होतो. फ्लेक्सच्या बोर्डांचंही तेच. नाशिकमध्ये प्रत्येक चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक असतो, आणि त्यावरचे चेहरे जिवंत माणसांवर मात करतात. अर्धं पाऊल सरकून त्या फलकाच्या आड खांब किंवा छत्री आणता येते. अर्धं पाऊल, त्याहून जास्त क्वचितच लागतं.

कॅमेऱ्याची उंचीही बदलून पाहा. ओट्यावर बसलेल्या आजींचा फोटो उभ्याने काढला की त्या खुज्या दिसतात आणि मागे फक्त फरशी येते. गुडघ्यावर बसलात की मागे दार, उंबरठा, भिंत येते. २८ किंवा मोबाइलची रुंद लेन्स असेल तर कॅमेरा वरखाली न कलवता सरळ धरा, नाहीतर वाड्यांचे खांब आत झुकू लागतात. आणि चेहरा कोपऱ्यात नेऊ नका. रुंद लेन्स कोपऱ्यातला चेहरा बाहेरच्या बाजूला ताणते, ते त्या माणसावर अन्याय करणारं आहे.

पायरी ४: उजेड कुठून येतो ते आधी माहीत करून घ्या

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी पूर्वेला पडते आणि जुनं नाशिक पश्चिमेला. यातून फोटोग्राफरला दिवसाचं वेळापत्रकच मिळतं. सकाळी जुन्या नाशिकच्या काठावरून पंचवटीकडे पाहिलंत की सूर्य समोर: माणसं काळ्या आकृत्या होतात, पाण्याचे शिंतोडे आणि धूप-कापराचा धूर उजळतो. पंचवटीच्या काठावर जाऊन उलटं पाहिलंत की उजेड तुमच्या पाठीशी आणि चेहरे स्वच्छ. संध्याकाळी हेच उलट होतं. आकृत्या हव्यात तर एक्सपोजर एक ते दीड स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि दोन माणसांमध्ये मोकळी फट मिळेपर्यंत थांबा. काळ्या आकृत्या एकमेकींना चिकटल्या की कुणाचा हात कुणाचा ते कळेनासं होतं.

बोळांचं गणित वेगळं. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या बोळात ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते मध्यान्हाच्या सुमारास, आणि नाशिकला घड्याळात खरा मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होतो. पूर्व-पश्चिम बोळात सकाळी आणि सायंकाळी आडवं ऊन शिरतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम ४७ अंश वर असतो, म्हणून थंडीत दिवसभर सावल्यांना आकार असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो ऐन डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा दुपारी घरी बसलेलं बरं, किंवा बाजाराच्या छपराखाली जावं.

दोन वाड्यांच्या मधून पडलेला कवडसा दिसला की तिथे थांबाच. एक्सपोजर कवडशावर लावा, बाकीचा बोळ काळा पडू द्या. मॅन्युअलमध्ये एकदा उजेडावर मोजून घेतलं की आकडा बदलायचा नाही, आयएसओही तिथे ऑटोवर ठेवायचा नाही. माणूस कवडशात आला की चेहरा उजळतो, एक पाऊल पुढे गेला की नाहीसा होतो. तुमच्या हातात तेवढंच एक पाऊल असतं.

काळाराम मंदिराच्या परिसरात कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं. सगळा दगड काळा, आणि मीटर प्रत्येक गोष्ट मधल्या करड्या रंगाची करू पाहतं, म्हणून ते उजेड वाढवतं आणि पांढऱ्या टोपीतले, धोतरातले आजोबा फटफटीत होतात. तिथे एक्सपोजर उणे एक स्टॉप ठेवा. मंदिरात फोटोबद्दलची पाटी आधी वाचा, शंका असेल तर पुजाऱ्यांना विचारा. महाद्वाराबाहेरही पुष्कळ काही असतं.

पायरी ५: थर लावायला शिका

एक माणूस आणि एक भिंत जमू लागली की पुढचं अवघड काम सुरू होतं: जवळ, मध्ये आणि लांब अशा तीन ठिकाणी काही ना काही घडत असलेली चौकट. यासाठी कपालेश्वर मंदिराच्या पायऱ्यांइतकी चांगली शाळा मी नाशिकमध्ये दुसरी पाहिलेली नाही. पायऱ्यांवर माणसं आपोआप वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे एकाचं डोकं दुसऱ्याला झाकत नाही. खालच्या पायरीजवळ, फुलांच्या टोपलीपासून चार-पाच फुटांवर उभे राहा. टोपली आणि हार करणारे हात हा पहिला थर. मधल्या पायऱ्यांवर चढणारं कुटुंब हा दुसरा. वर कमानीपाशी थांबलेला एखादा, हा तिसरा. एफ ८ ऐवजी एफ ११ करा. आणि प्रत्येक थरात फट राखा. थर एकमेकांवर चढले की नुसती गर्दी उरते.

दुसरी शाळा बुधवारचा बाजार. गोदाघाटावर त्या दिवशी भाजी, कांदे, मसाले, कपडे असं सगळं पसरतं. तिथे कसब आहे ते ताडपत्रीखालच्या उजेडाचं. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात, पिवळीखाली काविळीसारखे. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल काढत असाल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, नंतर थोडा सावरता येतो, पण एक चेहरा निळ्यात आणि शेजारचा उन्हात असेल तर दोन्ही एकदम सुधारत नाहीत. एक तर दोघांना एकाच उजेडात गाठा, नाहीतर तो फोटो कृष्णधवल करा. ताडपत्रीच्या कडेशी, जिथून बाहेरचं ऊन तिरपं आत येतं, तिथे बसलेल्या विक्रेत्याचा चेहरा सगळ्यात सुंदर उजळतो.

पायरी ६: हलणारं हलू द्या

रविवार कारंजाला संध्याकाळी उभे राहा. शटर १/३० वर आणा, ॲपर्चर बंद करत (एफचा आकडा वाढवत) न्या, आणि जाणाऱ्या रिक्षाबरोबर कॅमेरा कमरेतून फिरवत बटण दाबा. बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही. बरेच फोटो फुकट जातील, एखाद्यात रिक्षावाल्याचा चेहरा नीट आणि मागचे दिवे रेघांसारखे येतील. दुसरा प्रकार याच्या उलट: कॅमेरा खांबाला टेकवून १/८ किंवा १/४, एक माणूस स्थिर उभा आणि बाकीचा चौक वाहता.

माणसांशी वागणं

हे तंत्राइतकंच शिकावं लागतं. कॅमेरा लपवू नका, गळ्यात दिसेल असा ठेवा. नजरानजर झाली की हसा, मान हलवा. जवळून चेहरा घ्यायचा असेल तर सरळ विचारा: "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "माझा कशाला रे बाबा?" आणि त्या पदर सावरू लागतात. पहिला फोटो तेव्हाचा ताठ येतो. तो काढा, स्क्रीनवर दाखवा, मग दोन मिनिटं भाजीच्या भावाची चौकशी करत थांबा. त्या कामाला लागल्या की दुसरा फोटो काढा, तो खरा. कुणी नको म्हटलं तर वाद न घालता पुढे जायचं, आणि पुसायला सांगितलं तर समोरच पुसायचा.

रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनाला येतात, पिंडदान करतात. मुंडन करून बसलेला मुलगा, पाण्याकडे बघत उभी असलेली बायको, यांचे फोटो प्रभावी दिसतात हे खरं. तरी ते काढू नयेत असं माझं ठाम मत आहे. त्या घडीला त्यांना नाही म्हणायचंही भान नसतं. स्नान करणाऱ्या आणि कपडे बदलणाऱ्या बायकांकडे तर कॅमेरा वळवायचाच नाही, लेन्स कोणतीही असो. घाटावर इतर इतकं काही चाललेलं असतं की यावाचून काही अडत नाही.

पाऊस, रंग आणि सिंहस्थ

पावसाळ्यात ओल्या फरशीवर दिव्यांची, छत्र्यांची प्रतिबिंबं मिळतात; कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर धरा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदेचं पाणी झपाट्याने चढतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलं की घाटावरून वर या. रंगपंचमीला रहाडींच्या (रंगीत पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांच्या) जवळ न्यायचा कॅमेरा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, लेन्सपुढे फिल्टर लावून, रबराने घट्ट बांधून न्या, आणि लेन्स बदलायची नाही. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२८ मध्ये भरतो आहे. पर्वस्नानाच्या गर्दीत मागेपुढे सरकता येणार नाही, तिथे २८ मिमी, बांधलेला फोकस आणि उंच धरलेला हात यावरच काम करावं लागेल. त्याचा सराव आत्ताच्या बुधवारच्या बाजारात करून ठेवा.

घरी आल्यावर

फोटो त्याच दिवशी उतरवून घ्या, पण निवडायला आठवडाभर थांबा. ताज्या फोटोबरोबर त्या दिवसाची मजा आठवते आणि सुमार फोटोही आवडून जातो. निवडताना आधी फोटो अंगठ्याएवढे लहान करून बघा. त्या आकारातही रचना कळली तर ती पक्की. मग मोठे करून कडा तपासा. क्रॉप करावा लागला तर किती आणि कुठून ते वहीत लिहा. दर वेळी वरून कापत असाल तर तुम्ही कॅमेरा उंच धरता. चारही बाजूंनी कापत असाल तर अजून लांब उभे राहता, पुढच्या वेळी दोन पावलं जवळ जा. हा क्रॉप जेव्हा जवळजवळ लागेनासा होईल, तेव्हा चिकटपट्टी काढून रिंग १८ वर फिरवा आणि भांडी बाजारापासून पुन्हा सुरुवात करा.